घट कुणाची?

दागिन्याचं बिल एकदा नीट वाचून पाहावं. वर वजन, त्यापुढे शुद्धता, मग त्या दिवसाचा भाव आणि खाली एक ओळ: घडणावळ, अमुक टक्के. काही पेढ्या तिला मजुरी म्हणतात, काही ग्रॅममागे रुपये लावतात, तर काही ठिकाणी तिच्या शेजारी ‘घट’ नावाची आणखी एक टक्केवारी बसलेली असते. आई-आजीच्या काळापासून हे असंच चालत आल्यामुळे आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण शिंपी शिलाई सांगण्याआधी कापड कितीला घेतलं हे विचारत नाही, आणि सागवान महागलं म्हणून सुताराची मजुरी आपोआप चढत नाही. सोनाराच्या हाताचं मोल मात्र त्या हातात धातू किती वजनाचा आहे आणि आज त्याचा भाव काय, यावर ठरतं. सोनाराच्या धंद्याबद्दल आपल्या मनात असलेला संशय, कारागिराचं बिनचेहऱ्याचं जगणं आणि नाजूक कामाची होणारी परवड, या तिन्हींचं मूळ मला या एकाच सवयीत दिसतं. आपण हात सोन्याच्या काट्यावर तोलतो, आणि काट्याला वजनापलीकडचं काही कळत नाही.

आधी घट म्हणजे काय ते पाहू. ग्राहकाला सांगितलं जातं की दागिना घडताना थोडं सोनं ‘जातं’, त्याची भरपाई म्हणजे घट. ते जातं कुठे? सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं आणि उकळायला त्याला अडीच हजार अंशांहून कितीतरी अधिक उष्णता लागते. सोनाराच्या शेगडीत तेवढी आच नसते, तेव्हा सोनं हवेत उडून जात नाही. आटणी करताना थोडं मुशीच्या भिंतीला चिकटतं, कानस मारताना कीस पडतो, जिलई देताना कापडात आणि ब्रशात अडकतं, धुताना पाण्यात उतरतं. म्हणजे ते जात नाही, पसरतं. आणि पसरलेलं गोळा करायची रीत या धंद्याइतकीच जुनी आहे. पाटाखालचा कीस रोज झाडून ठेवला जातो, हात धुतलेलं पाणी निवळायला ठेवतात, जुन्या मुशी फोडून दळतात. सोनारआळीतली धूळ आणि राख धुऊन त्यातले कण वेचणं हा तर झारेकऱ्यांचा पिढीजात व्यवसाय होता. ज्या धंद्याच्या केरावर एक आख्खी जात जगत होती, त्या धंद्यात सोनं ‘वाया’ जातं असं म्हणणं फार धाडसाचं आहे. थोडी तूट खरीच येते, नाही असं नाही. पण बिलावर जी घट लागते तिचा मोठा भाग धातूची तूट नसून मजुरीच असते. मजुरी म्हणून मागितली तर ग्राहक घासाघीस करतो आणि घट म्हणून लावली तर मुकाट्यानं देतो, एवढाच काय तो फरक.

ही लपवाछपवी आजची नाही, आणि तिची किंमत सर्वांत जास्त मोजली ती सोनारानं. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी या तिघांची संगत नको, असं बजावणारी म्हण मराठीत घरोघर ठाऊक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणानंतर लगेच बाजारातल्या सोनारांची चर्चा येते, आणि तिथे सोनं चोरण्याच्या पाच युक्त्या नावानिशी दिल्या आहेत: तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक. खोटा काटा, अदलाबदल, मुलामा, सगळं आलं. मात्र त्याच ग्रंथात तापवण्या-घडवण्यात येणारा क्षय किती मान्य करायचा हेही सांगितलं आहे, आणि चौथ्या अधिकरणात वेतनाचा दर ठरवताना विशेष शिक्षण घेतलेल्या कारागिराला दुप्पट वेतन द्यावं असंही म्हटलं आहे. म्हणजे क्षय वेगळा, वेतन वेगळं आणि कौशल्याची वाढ आणखी वेगळी. कौटिल्याचा संशय आपण अगदी जपून ठेवला, त्याचा हिशेब तेवढा विसरलो.

या संशयाची एक गंमतही आहे. आपल्या जुन्या गावगाड्यात सोनाराला पोतदार म्हणत, कारण सरकारी वसुलात आलेलं नाणं खरं की खोटं हे पारखून देण्याचं काम त्याच्याकडे असे. गावाच्या साऱ्याच्या पैशाबाबत ज्याचा शब्द अखेरचा, त्याच्याच समोर बाई बांगडी मोडायला बसली की डोळ्याची पापणी लवू द्यायची नाही. एकाच माणसाबद्दलच्या या दोन वृत्तींचा मेळ कसा घालायचा? मला वाटतं, फरक माणसात नव्हता, मोबदल्याच्या रीतीत होता. पारखीचं मानधन ठरलेलं होतं. घडणीचा मोबदला मात्र अर्धा रोख आणि अर्धा उरलेल्या किसात, अशा धूसर जागी होता. बारा माशांच्या तोळ्यात शहाण्णव गुंजा. त्यातली एखादी गुंज मागे राहिली तर ती रीतीनं राहिली की हातचलाखीनं, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळायची सोयच नव्हती. जिथे प्रामाणिक माणसाची कमाई आणि चोराची चोरी एकाच पुडीत बांधली जाते, तिथे सगळेच चोर ठरतात. मापाच्या या धास्तीची छाया आपल्या संतकथांवरही पडली आहे. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची जी कथा सांगतात ती विठ्ठलाच्या कमरेच्या साखळीची, आणि तिचा सगळा पेच माप चुकण्याचा आहे.

यावर कुणी म्हणेल, संशय नुसता म्हणीतला नव्हता, लोक खरंच फसत होते. मान्य. बावीस कॅरटचं म्हणून घेतलेलं सोनं मोडीला नेल्यावर अठराचं निघालं, असे प्रकार घडत होते. सांधे जोडायला वापरलेला डाग हलक्या सोन्याचा असे आणि तो सढळ हातानं लावला की दागिन्याची एकूण शुद्धता उतरे. कसोटीच्या दगडावरची रेघ अनुभवी डोळ्याला बरंच सांगते, पण ती वरच्या थराची गोष्ट सांगते, पोटातली नाही. म्हणून हॉलमार्क आला हे योग्यच झालं. भारतीय मानक ब्यूरोनं सोन्यासाठी ही योजना २००० साली सुरू केली, जून २०२१ पासून ती देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, म्हणजे बावीस कॅरट, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. शुद्धतेच्या बाबतीत विश्वासाचा प्रश्न माणसाकडून प्रयोगशाळेकडे गेला.

पण या छापात काय कोरलं आहे ते पाहा: ब्यूरोचं चिन्ह, शुद्धता आणि क्रमांक. क्रमांक ॲपमध्ये टाकला की दागिना कोणत्या सराफानं कोणत्या केंद्रात तपासून घेतला ते कळतं. घडवला कुणी, ते कळत नाही. लंडनमध्ये १३६३ साली कायदा झाला की प्रत्येक सोनारानं आपली खूण कामावर उमटवावी. त्यामागे कलेचं कौतुक नव्हतं, हलका माल निघाला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून ती खूण होती. आज तिथेही ती बहुतेकदा कंपनीची असते. तरीही करणाऱ्याची खूण ही कल्पना त्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. आपण मुळातच धातूची जन्मपत्रिका केली, बाळंतिणीचं नाव त्यात घातलं नाही.

शुद्धतेच्या या ओढीनं काय होऊ शकतं, याचं सर्वांत कडू उदाहरण केडीएमचं. दुकानांच्या पाट्यांवर ही तीन अक्षरं वर्षानुवर्षं मिरवली, आणि अनेकांना अजूनही ती सोन्याची एखादी उंची जात वाटते. केडीएम म्हणजे कॅडमियम घातलेला डाग: साधारण ब्याण्णव भाग सोनं, आठ भाग कॅडमियम. डागातच सोनं भरपूर असल्यामुळे दागिन्याची शुद्धता उतरत नसे, आणि तो कमी आचेवर वितळत असल्यानं सांधा सुबक बसे. ग्राहक खूश, सराफ खूश. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. झाळताना त्याची वाफ निघते आणि ज्योतीवर वाकलेल्या माणसाच्या नाकातोंडात जाते. ती फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९३ साली कॅडमियमला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवलं. ग्राहकानं मागितलेला प्रत्येक शुद्ध सांधा कुणाच्या तरी छातीतून जात होता. आता जस्तासारखे पर्याय आले आहेत आणि मानक ब्यूरोलाही कॅडमियम मान्य नाही. पण ते जाण्याआधी पाटीवर गुणाचं नाव म्हणून झळकलं, हे विसरण्यासारखं नाही.

आता कामाकडे वळू, कारण वजनाचा हा हिशेब कामावर कसा उलटतो ते तिथेच दिसतं. जुना मराठी दागिना मुळात कंजूष आहे, चांगल्या अर्थानं. थोड्या सोन्यात गळा भरून दिसावा ही त्याची सगळी बुद्धी. बोरमाळेचा मणी पोकळ असतो. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठशात उठवायच्या, तोंडाला तोंड लावून झाळायच्या आणि पोटात लाख भरायची. लाख भरली नाही तर एवढा पातळ पत्रा पहिल्याच दाबानं चेपेल. म्हणजे ती लाख ही लबाडी नाही, दागिन्याची रचनाच तिच्यावर उभी आहे. ठुशीत अशाच बारीक मण्यांची दाट गुंफण. कोल्हापुरी साजात एकवीस पानं सांगतात: दहा अवतार, आठ अष्टमंगलं, माणकाचं एक, पाचूचं एक आणि एक डोरलं. नखाएवढ्या जागेत मासा मासा वाटला पाहिजे आणि कासव कासव. पुतळ्यांच्या माळेचा तर उगमच व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात आहे. व्यापारातून आलेलं ते परदेशी नाणं इकडे ‘पुतळी’ झालं आणि आपल्या सोनारानं त्याच्या पातळ चकत्या करून थोड्या सोन्यात माळ भरली.

या कामात कस कशाचा लागतो? बावीस कॅरटचं सोनं ज्या आचेला वितळतं त्याच्या थोडं खाली डाग वितळायला हवा. त्या दोहोंमधली फट फार अरुंद असते. आच कमी पडली तर सांधा धरत नाही आणि क्षणभर जास्त झाली तर वाटी बसते, म्हणजे तासाभराचं काम परत मुशीत. सांध्याला टाकणखार लावायचा, फुंकणीच्या टोकाशी ज्योत सुईसारखी करायची, आणि फुंकर तोंडानं सोडतानाच श्वास नाकानं घ्यायचा, मध्ये खंड पडू न देता. सोन्याचा रंग बदलताना डोळ्यांनी तो क्षण पकडायचा. गॅसची पेन्सिल-ज्योत आल्यावर फुंकर सुटली, पण तो क्षण पकडणं सुटलं नाही. एका ठुशीत असे किती सांधे, ते मोजावं आणि मग वजन करावं. आठ ग्रॅमची ठुशी आणि चाळीस ग्रॅमच्या साध्या पाटल्या दहा टक्क्यांनी धरल्या तर ठुशीची घडणावळ पाऊण ग्रॅमच्या आसपास आणि पाटल्यांची चार ग्रॅम. नाजूक कामाला टक्का चढा लावतात हे खरं. पण मग गिऱ्हाईक भाव न विचारता टक्क्यावरच अडतं, ‘घडणावळ फार आहे’ म्हणून, आणि सराफ त्याला सोपा जड माल दाखवतो. जितकं काम जास्त आणि सोनं कमी, तितका कारागीर महाग दिसतो. काटकसर हाच ज्या दागिन्याचा प्राण, त्याच्यासाठी याहून वाईट व्यवस्था शोधून सापडणार नाही.

हा कारागीर आता बहुतेक वेळा दुकानाच्या मागच्या खोलीत नसतोच. मुंबईच्या झवेरी बाजाराभोवतीच्या चाळींमध्ये, माळ्यावर माळे चढवलेल्या खोल्यांत पश्चिम बंगालमधून आलेली मुलं आणि माणसं काम करतात आणि पुष्कळदा तिथेच राहतात, त्यातले बरेच मेदिनीपूरकडचे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी चांदीवर जगतं. तिथे पैंजणाची जोडी एका घरातून दुसऱ्या घरात जात पुरी होते. कुणी तार ओढतं, कुणी कड्या जुळवतं, कुणी झाळतं, कुणी उजळतं. आणि सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी खानापूर-आटपाडी भागातून निघालेले गलाई बांधव केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत सराफ कट्ट्यांवर जुनं सोनं गाळून शुद्ध करून देतात. त्यांची रीत नेमकी आहे. सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळायची, मग नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी-तांबं विरघळवायचं, खाली सोनं उरतं. विटा गावाची ओळख या धंद्यानं घडवली. या तिन्ही ठिकाणी माल वजनानं येतो आणि वजनानं जातो, मोबदल्याचा हिशेबही पुष्कळदा वजनावरच, आणि ज्यांच्या हातून तो फिरतो त्यांचं नाव ग्राहकापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप ग्राहकाचा आहे. तो म्हणतो, मी कला नाही, शिल्लक घेतोय. उद्या मुलीच्या शिक्षणाला किंवा दवाखान्याला पैसा लागला तर मोडीला सोन्याचे पैसे येतील, घडणावळीचे येणार नाहीत. हे अगदी खरं आहे, आणि ज्या देशात बायकांच्या नावावर दुसरी मालमत्ता क्वचितच होती तिथे दागिन्याकडे असं पाहणं शहाणपणाचंच होतं. पण ज्याला शिल्लक हवी त्यालाच हा घोळ सर्वांत महागात पडतो. मोडीच्या वेळी घटही परत मिळत नाही आणि लाखेचं वजनही वजा होतं. धातूचे किती आणि हाताचे किती हे बिलावर रुपयांत स्वच्छ लिहिलं, तर शिल्लक शोधणारा नाणं किंवा वळं घेईल, आणि दागिना हवा असणारा हाताचे पैसे समजून देईल. पैठणी घेताना विणकराची मजुरी परत मिळणार नाही हे आपण जाणतोच, तरी पैठणी घेतो.

सराफांचं म्हणणं असं की टक्केवारीत मजुरीच नसते. भावाची चढउतार, विमा, चोरीचा धोका, दुकानाचं भाडं हे सगळं सोन्याच्या किमतीबरोबर वाढतं. यातही तथ्य आहे. पण मग तो दुकानाचा खर्च झाला, त्याला घडणावळ म्हणू नये. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमच्या भावानं लाखाचा आकडा गाठला तेव्हा टक्क्यांत लावलेली घडणावळही रुपयांत आपोआप फुगली. ज्या कारागिराला नगावर किंवा दिवसावर पैसे मिळतात, त्याच्यापर्यंत ती फुगवण पोचायचं काही कारणच नाही. ज्याला मोबदला सोन्यात मिळतो त्याचं ग्रॅमचं मोल वाढलं हे कबूल, पण भाव चढला की लोक कमी वजनाचं घेतात, आणि वजनावर जगणाऱ्याच्या हातचे ग्रॅमही घटतात.

राहिलं यंत्र. ओतकाम, संगणकावरचं रेखाटन, लेझरचे सांधे, यंत्रावर विणलेल्या साखळ्या यांपुढे हातकामाचे गोडवे गाणं हे हळवेपण आहे, असं म्हणतात. साध्या साखळीपुरतं मी ते मान्य करीन. यंत्रसाखळी एकसारखी, मजबूत आणि स्वस्त असते, तिच्याशी हातानं स्पर्धा करू नये. पण ओतलेल्या नगालाही कानस, कोंदण आणि जिलई लागते, आणि तुटलेला दागिना यंत्र दुरुस्त करत नाही. शिवाय यंत्राच्या मालालाही आपण तीच टक्क्यातली घडणावळ देतो, कधी हातकामाएवढीच. यंत्र आणि हात यांतला फरक बिलावर दिसतच नसेल तर हातानं हरायचं ते कौशल्यात कमी पडून नव्हे, हिशेबात हरवून.

नाव कोरण्याबद्दल अडचण सांगतात की एका दागिन्यामागे दहा हात, कुणाकुणाचं लिहायचं? निदान कारखान्याचं किंवा मुख्य घडणाऱ्याचं लिहिता येईल. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत जे अठरा व्यवसाय आहेत त्यांत सोनार आहे, आणि नोंदलेल्या कारागिराला ओळखपत्र मिळतं. एका सरकारी यादीत दागिन्याचा क्रमांक, दुसरीत कारागिराचा. दोन्ही एकमेकांना जोडणं तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. अडते ती इच्छा, कारण कारागिराचं नाव कळलं की ग्राहक थेट त्याच्याकडे जाईल ही पेढ्यांची भीती निराधार नाही.

सरकारनंही एकदा सोन्याकडे केवळ धातू म्हणून पाहून सोनारांना कुठे नेलं होतं, ते जुन्या लोकांना आठवत असेल. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि चौदा कॅरटहून शुद्ध नवा दागिना घडवायला बंदी घातली. परकीय चलन वाचावं हा हेतू होता. चौदा कॅरटचा दागिना लोकांनी नाकारला, लाखो सोनारांच्या शेगड्या विझल्या, काहींनी आत्महत्या केल्या. कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, नियंत्रणाचा कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. आता जे हुकमानं जमलं नाही ते भाव करतो आहे. अठरा आणि चौदा कॅरटचे दागिने तरुण मुली आपणहून मागतात, आणि जुलै २०२५ पासून हॉलमार्कच्या यादीत नऊ कॅरटही आलं. नऊ कॅरट म्हणजे हजारात ३७५ भाग सोनं, बावीसच्या निम्म्याहूनही कमी. मिश्रधातू कठीण, त्यामुळे कानस आणि जिलईला श्रम उलट जास्तच. त्या अंगठीवर बावीसचाच टक्का लावला तर कारागिराच्या वाट्याला बावीसच्या मजुरीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच येईल आणि तो कामच घेणार नाही. टक्का अडीचपट केला तर तो आकडा पाहून गिऱ्हाईक पायरी उतरेल. अशा वेळी पेढीवाल्याला त्या ओळीत टक्क्याचं चिन्ह खोडून पहिल्यांदाच सरळ रुपये लिहावे लागतील.